खिसे शिवून घेतलेले कुर्ते

तोंड मिटून बसणं माझ्या कुंडलीतच नाही. शाळेत बाई मला बाकावर एकटीला बसवायच्या, कारण शेजारी कोणी असलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. ऑफिसात बारा वर्षं मी लोकांच्या तक्रारी ऐकायच्या खात्यात काम केलं, तिथंही ऐकलं कमी आणि सुनावलंच जास्त. अशी बाई एका कोपऱ्यात स्टुलावर तीन महिने मुकाट बसली होती, हे माझ्या नवऱ्याला अजून खरं वाटत नाही.

सुरुवात पाठीपासून झाली. नागपुरात नंदनवनहून रोज कंपनीच्या बसनं मिहानला जायचं, दिवसभर खुर्चीत बसायचं, बसनंच परत यायचं. पाठ दुखते हे मी सांगणंही सोडलं होतं, कारण आमच्या बसमध्ये सगळ्यांचीच दुखायची. एका सकाळी पोह्यांच्या कढईखालचा गॅस बारीक करायला वाकले आणि तशीच राहिले. सरळच होता येईना. नवऱ्यानं आधी विचारलं, "काय शोधून राहिली?" आणि माझा चेहरा पाहिल्यावर गॅस त्यानंच बंद केला.

गोळ्या झाल्या, शेक झाला, पट्टा झाला. मग ऑफिसातल्या एकीनं धरमपेठेत पिलाटेस नावाचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमचा पत्ता दिला. स्टेशनरीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर एक लांबट हॉल. त्यात बारा चटया, एक जुना कूलर आणि खिडकीपाशी एक लाकडी स्टूल. मॅडम साठीच्या पुढच्या. पांढरी वेणी, सुती कुर्ता, आणि त्या कुर्त्याला दोन्ही बाजूंना खोल खिसे. हात कायम त्या खिशांत. बाहेर यायचे ते कोणाच्या पाठीवर नाहीतर खांद्यावर ठेवायलाच.

पिलाटेस म्हणजे सिनेमातल्या बायकांनी घट्ट पँट घालून करायची गोष्ट, अशी माझी समजूत. इथं तर मला नुसतं पालथं झोपायला सांगितलं. मॅडमनी दोन्ही तळहात माझ्या पाठीच्या खालच्या फासळ्यांवर ठेवले आणि म्हणाल्या, "आता इथं श्वास घे. माझ्या हाताला कळला पाहिजे." मला वाटलं, ह्या बाईचं काहीतरी चुकतंय. पाठीत कोणी श्वास घेतं का? तरी पैसे भरले होते म्हणून प्रयत्न केला. दहाबारा श्वास काहीच झालं नाही. आणि मग त्या हातांखाली माझी पाठ उघडली. दोन्ही बाजूंना, हळूच. मी एवढी दचकले की श्वास तिथंच अडकला. चाळीस वर्षं हे माझ्यामागे होतं आणि मला पत्ता नव्हता. चटईवर नाक टेकवून मी मुकाट्यानं रडले. मॅडमनी हात काढले नाहीत.

चार महिन्यांत पाठ सुधारली. आणि मला नादच लागला. भेटेल त्याला मी मॅडमची गोष्ट सांगायचे. नवऱ्याला सांगितलं, बसमध्ये सांगितलं, भाजीवालीलाही सांगितलं. "अगं, बासष्ट वर्षांची बाई. पाठीवर आडवी पडते, हात डोक्यामागे घेते, आणि एकेक मणका उचलत अशी गोल उठून बसते की वाटतं हिच्या पाठीत हाडंच नाहीत. मी डोळ्यांनी पाह्यलं." हे मी इतक्या वेळा सांगितलं की माझी मुलगी ते माझ्याच आवाजात म्हणून दाखवायची.

एक दिवस वर्ग संपल्यावर मी मॅडमना म्हटलं, मला हे शिकवायला शिकायचंय. नोकरी सोडून हेच करायचंय.

"दोन वर्षं लागतील," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला शिकवायचं नाही. स्टुलावर बसायचं आणि लोकांकडे बघायचं. बोलायचं नाही. आणि कुर्त्यांना खिसे शिवून घे."

"खिसे काहून?"

"हात ठेवायला. आपण शिकवताना करून दाखवायचं नसतं."

मला रागच आला. एवढ्या उत्साहानं सांगायला यावं, आणि ही बाई शिंप्याकडे पाठवते. घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. सहा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम होता, शेवटी सोनेरी काठाचं प्रमाणपत्र घरपोच. नवरा म्हणाला, "अन् मॅडमचं काय?" मी म्हटलं, "मॅडमले वेळ आहे, मले नाही." तेव्हा त्यानं एकच गोष्ट मागितली. एक वर्ष करून बघ. वर्षात यातून नीट काम उभं राहिलं नाही, तर परत नोकरीवर जायचं. ऑफिसमधल्या साहेबांनीही तसंच सांगितलं, तोवर दार उघडं आहे. मला ही अट म्हणजे काहीच वाटली नाही.

मॅडमना फोनवर सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "किती वर्षं शिकवायचंय तुला?"

"जमेल तितकी," मी म्हटलं.

"हं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली मी रिकामी केली. पहिली आली ती दोन घरं सोडून राहणारी काकू. त्यांचं वाडीला ट्रान्सपोर्टचं गोदाम, घरात माणसं भरपूर. गुडघे आणि कंबर दोन्हींनी बेजार. मी अभ्यासक्रमातल्या इंग्रजी सूचना मराठीत करून ठेवल्या होत्या. "काकू, नाभी मणक्याकडे न्या."

"कुठं नेऊ वं?" काकू म्हणाल्या. "अशी सांगू नको. तू करून दाखव, म्हणजे मले जमते."

सगळ्यांचं हेच. आपल्याकडे पुरणपोळी असो की रांगोळी, कोणी तोंडी शिकत नाही, शेजारी उभं राहून बघतो. मग मी दाखवलं. एकेक व्यायाम चटईवर पडून, त्यांच्यासोबत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पोरी वाढल्या, बायका वाढल्या, सकाळी चार वर्ग, संध्याकाळी तीन. दिवसाला सात वेळा तेच सगळं मी अंगानं करायचे, आणि शिवाय कोणाचं काय चुकतंय हे आडवं पडून दिसायचं नाही ते नाहीच. लोक म्हणायचे, किती बारीक झालीस. मी हवेत होते. मॅडमना एकदा सांगावं असं वाटायचं, बघा, झालं की नाही सहा आठवड्यांत.

दहाव्या महिन्यात एका सकाळी मुलीची वेणी घालायला हात वर नेला आणि तो खांद्यातच थांबला. दुसऱ्या हातानं त्याला उचलून पाहिलं तर डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलगी म्हणाली, राहू दे आई, आणि स्वतःच रबर लावून शाळेत गेली. डॉक्टरांनी सांगितलं, खांद्यातला स्नायू झिजून सुजलाय. तीन महिने हात वर न्यायचा नाही, त्यावर भार टाकायचा नाही.

मी तर फक्त दाखवूनच शिकवत होते. दाखवायचं बंद झालं तसे माझ्याकडचे शब्द दोन मिनिटांत संपायचे. नुसतं "अं, असं नाही, असं" करत मी खोलीभर फिरायचे. पंधरा दिवसांत सातातले पाच वर्ग बंद पडले. ऑफिसमधून फोन आला, जागा निघाली आहे, उन्हाळा संपेपर्यंत थांबू, जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी कळवा. परत त्या बसमध्ये, त्या खुर्चीत बसायचं या विचारानं माझ्या पाठीत आधी कळ यायची.

शेवटी खाली मान घालून धरमपेठेचा जिना चढले. वाटलं होतं, मॅडम चार शब्द सुनावतील. त्यांच्या जागी मी असते तर चाळीस सुनावले असते. त्यांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि स्टुलाकडे बोट दाखवलं.

"हात वर जात नाही ना, बरंच झालं. तीन महिने बस. मग एक तास तू मला शिकव. नुसतं बोलून. त्यातून तुझं तुलाच कळेल."

दिवस मोजले. तीन महिने मेअखेर संपत होते. म्हणजे शनिवारी मॅडमसमोर तास, आणि सोमवारी ऑफिसला उत्तर.

टेलरकडे जाऊन चार कुर्त्यांना खिसे शिवून घेतले. तो म्हणाला, मोबाईलसाठी का? मी म्हटलं, हो.

पहिला आठवडा मला स्टुलावरून काहीही दिसलं नाही. माणसं आडवी पडली, माणसं उठली, संपलं. जांभया यायच्या. तोंडात शब्द शिवशिवायचे. मॅडम रोज विचारायच्या, "काय दिसलं?" मी सांगायचे, अमक्यांचे गुडघे वाकडे. त्या म्हणायच्या, "ते त्यांनापण माहितेय. उद्या ये."

दुसऱ्या आठवड्यात, कशानं कोण जाणे, एक गृहस्थ पाय खाली ठेवत होते आणि मला दिसलं की त्यांची उजवी टाच चटईला डावीच्या आधी टेकते. प्रत्येक वेळी. केसाएवढं अंतर. मग त्यांच्या शेजारच्या मुलीचा जबडा दिसला, पाय उचलायच्या आधी ती दात आवळत होती. पलीकडच्या बाईंच्या डाव्या फासळ्या श्वासाबरोबर हलतच नव्हत्या, जणू त्या कुशीवर कोणीतरी हात दाबून ठेवलाय. बारा माणसं, बारा तऱ्हा, आणि हे सगळं इतके महिने माझ्यासमोर उघड्यावर पडलेलं होतं. त्या दिवशी मॅडमनी विचारलं तेव्हा मी त्या कुशीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिची त्या बाजूला शस्त्रक्रिया झाली होती, वीस वर्षांपूर्वी. अजून राखतेय ती जागा." वीस वर्षं एक शरीर गुपचूप काहीतरी जपत होतं, आणि ते मला स्टुलावरून दिसलं. मी घरी जाताना सिग्नलला उभ्या लोकांच्या पाठी बघत बसले, मागून हॉर्न वाजेपर्यंत.

आणि मॅडमचे शब्द. आधी मी चटईवर पडून ते फक्त पाळत होते, आता कानांनी ऐकले. पोट आत घ्या असं त्या कधी म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, "निऱ्या खोचा." झालं, साऱ्या बायकांची पोटं एका क्षणात जिथं हवी तिथं. नाभी, मणका, काही सांगायला नको. निऱ्या खोचताना पोट किती आत जातं हे आमच्या हातापायांना जन्मापासून ठाऊक. पुरुषांसाठी वेगळं होतं, "दिवाळीची पँट, बटण लावा." पाठीवरून गोल उठून बसायचं असलं की म्हणायच्या, "लग्न आटोपलं. आता सतरंजी गुंडाळा. टोकापासून, घट्ट, मध्ये हवा राहू देऊ नका." आणि डोळ्यांदेखत पाठी गुंडाळल्या जायच्या. ज्या माणसाला चार दिवस समजलं नव्हतं तो त्या एका वाक्यावर उठून बसायचा. मी आ वासून बघायचे.

मॅडमनी माझे उरलेले दोन वर्गही थांबवायला लावले होते, सरावासाठी एकच विद्यार्थिनी घ्यायची परवानगी होती. मी काकूंना निवडलं. रोज सकाळी माझ्या वरच्या खोलीत त्या चटईवर, मी स्टुलावर, हात खिशात. सतरंजीपर्यंत सगळं जमलं. पण उठून बसताना अर्ध्यात काकू झटका द्यायच्या आणि परत धपकन आडव्या. "तू दाखवत नाही तर मले समजून नाही राहिलं," त्या वैतागून म्हणायच्या. माझे हात खिशात मुठी वळून बसायचे. मे महिना संपत आला तरी काकू उठल्या नव्हत्या. मनातल्या मनात मी ऑफिसची बस पकडायची तयारी करत होते.

शनिवारी दुपारी मॅडमनी हॉलचं दार लावलं. कूलर घरघरत होता. त्यांनी चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि चटई पसरली. मग स्टुलाचा आधार घेऊन आधी गुडघ्यावर, मग कुशीवर, मग पाठीवर अशा हळूहळू आडव्या झाल्या. मला जरा वेगळं वाटलं. वय झालं, असं मी मनाशी म्हटलं.

"मी तुझी नवी विद्यार्थिनी. मला काही येत नाही. सांग."

मी खिशात हात घातले आणि सुरू झाले. श्वास, मान, एक पाय, दुसरा पाय. त्या माझ्या शब्दांवर हलत होत्या, माझ्याच शब्दांवर. मग उठून बसायची वेळ आली. मी सांगितलं. निऱ्या, सतरंजी, सगळं. त्या हलल्या नाहीत. दुसऱ्यांदा सांगितलं, अजून सोपं करून, सावकाश. मॅडम छताकडे बघत पडून राहिल्या.

"तुझे शब्द बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "पण हे मला होत नाही. माझ्या पाठीत सळ्या आहेत."

मला समजेना.

"पंचविशीत स्कूटरवरून पडले होते, तेव्हा ऑपरेशन करून घातल्या. मानेखालपासून कमरेपर्यंत पाठ एकसंध आहे माझी, फळीसारखी. वाकतच नाही. तुला माहीत नव्हतं?"

"पण मी पाहिलंय तुम्हाला करताना," मी म्हटलं.

"कधी?"

मी तोंड उघडलं. निळी चटई मला दिसत होती. वेणी खांद्यावरून पुढे आलेली दिसत होती, कुर्त्याचा रंगसुद्धा. पण दिवस कोणता ते आठवेना. आणि त्या वेळी मी स्वतः कुठं होते? मी तर पाठीवर पडलेली होते, छताकडे बघत, त्यांचा आवाज ऐकत. ती गोल उठणारी बाई मी त्या आवाजातून पाहिली होती. निम्म्या नागपूरला मी जी गोष्ट शपथेवर सांगत हिंडले, ती घडलीच नव्हती.

"सुरुवातीला लोक म्हणाले, जिला स्वतःला येत नाही ती काय शिकवणार," मॅडम पडल्या पडल्या म्हणाल्या. "दाखवता येत नाही म्हटल्यावर मला बघावं लागलं. आणि बोलावं लागलं. तीस वर्षं झाली त्याला. दाखवत बसले असते तर तीन वर्षांत घरी बसले असते, तुझ्यासारखी."

माझ्या जन्मात मी पहिल्यांदा गप्प झाले. म्हणजे गप्प बसवलेली नाही, खरंच गप्प. त्या पाठीकडे बघत राहिले, जी एकदाही वाकली नव्हती आणि जिनं शेकडो पाठी वाकवल्या होत्या. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. मी ते केलं नाही, कारण त्या लगेच म्हणाल्या, "पुढचं सांग. अजून चाळीस मिनिटं आहेत."

मी सांगितलं. तास संपल्यावर त्यांना उठायला हात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "उजवीकडे जास्त बघतेस. डावीकडेही माणसं असतात. आणि सोमवारी ऑफिसला काय सांगायचं ते मला विचारू नकोस."

सोमवारी सकाळी काकू आल्या, सोबत त्यांची शेजारीण. मी स्टुलावर बसले, हात खिशात घातले. या वेळी मी काकूंना उठवायच्या मागे लागले नाही. नुसतं बघितलं. आणि तीन महिन्यांत न दिसलेलं मला दिसलं, काकू उठायच्या आधी टाचा चटईत रुतवत होत्या. मी म्हटलं, "काकू, पाय तुमचे नाहीत. शेजारणीचे आहेत. ते इथंच राहू द्या. आता निऱ्या खोचा, आणि सतरंजी गुंडाळा." काकूंची हनुवटी खाली आली. खांदे सुटले. मग एकामागून एक, मोजता येतील असे, मणके चटईवरून उठत गेले आणि त्या बसल्या. स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत, तोंड उघडं.

जाताना जिन्यात चपला घालताना त्यांचा आवाज वर आला. शेजारणीला सांगत होत्या, "एवढे दिवस नुसती बोलून राहिली होती वं. आज तिनं करून दाखवलं ना, तवा समजलं मले."

मी कठड्यावरून वाकले. "काकू, मी दाखवलं?"

"मंग. असे हात पुढं, अन् अशी गोल गोल वर. पाह्यलं ना मी डोळ्यांनी."

मी स्टुलावरून उठलेच नव्हते. काकूंना काही सांगायला गेले नाही. दहा वाजता ऑफिसला फोन करून परत येणार नसल्याचं कळवलं, आणि कपाटातले उरलेले कुर्ते पिशवीत भरून टेलरकडे गेले.